इत्यादी

धान गिरणीत तीन यंत्रं, तीन तऱ्हांची.
काट्यावरचं विंडोज, ज्याच्या कीबोर्डात कोंडा बसलाय
आणि 'र' दोनदा दाबावा लागतो.
मागच्या खोलीत लिनक्स, बिनपडद्याचं,
पोत्यांच्या थप्पीआड घुमणारं.
आणि ऑफिसात अध्यक्षांच्या पुतण्याचं ॲपल,
त्याला शिवण्याआधी मी ओढणीला हात पुसते.

तिघांनी एकमेकांशी बोलावं
म्हणून साकोलीहून मला बोलावलंय.
बसभाडं, आणि एक वेळचं जेवण.

काट्यावर हिरामण कापगते, एकतीस वर्षं.
'नंबर कायले पायजे, पोरी? नाव आहे ना, धानकाटा.'
काका, नाव आपल्यासाठी.
यंत्र दार ओळखतं ते नंबरानं.
ते हसले. ग्रामपंचायतीनं घराघरावर नंबर ठोकले होते,
पत्र्याचे ते बिल्ले पोरांनी उपटून गाड्याची चाकं केली.
डाकवाला अजून विचारतो:
चिंचेजवळचे मेश्राम, का बोडीवरचे?

म्हणून तर ही यादी.
डावीकडे नाव, मग टॅब, मग नंबर,
तिरपी रेघ, टीसीपी.
चिंचेजवळचे मेश्राम. एवढंच.

आधी नऊ हजार शंभर म्हटलं,
तिथे प्रिंटर पाय पसरून बसलेला.
एक हजार चोवीसच्या खालच्या जागा मानाच्या,
मंडईच्या नाटकात पुढच्या खुर्च्या असतात तशा:
चिठ्ठी नसते लावलेली,
तरी कोणी टेकत नाही.
अगदी मागे, चटयांवर, रात्रभर ये-जा;
क्षणभराचे पाहुणे, कोण कुठे बसेल नेम नाही.
मधल्या रांगांची वही दूर कुठल्या देशात आहे,
ज्यानं अर्ज केला त्याचं नाव तिच्यात.
आम्ही अर्ज केला नाही.
वहीत जिथे कोणाचंच नाव नव्हतं
तिथे रुमाल टाकला:
सत्तावीस हजार चारशे सहा.

फाइल तिन्हीकडे वेगळ्या वाटेनं सापडते.
लिनक्सला आधी मालकाचा पासवर्ड लागतो.
ॲपलचं घर पॉलिशचं, पाया तोच.
विंडोजमध्ये सिस्टीम बत्तीस, मग ड्रायव्हर्स,
ओसरी, माजघर, कोठी करत आत जायचं.
शेवटच्या खोलीचं नाव मात्र तिन्हीकडे एकच निघालं.
इटीसी.
'मंजे काय?'
म्हणजे इत्यादी.
'मंजे आमी,' काका म्हणाले
आणि ट्रॅक्टरचं वजन घ्यायला उठले.

लिनक्स बोललं. ॲपल बोललं.
विंडोज गप्प.
नोटपॅडनं गुपचूप नावाला शेपूट लावलं होतं, ते छाटलं.
गप्प.
फायरवॉलमध्ये खिडकी पाडली.
गप्प.
बाहेर सात ट्रॅक्टर, आठवा वळणावर.
भात आणि लाखोळीचं वरण माझ्यासमोर निवलं.

मग दिसलं.
धानकाटा ही यादीतली शेवटची ओळ,
आणि तिच्याखाली काही नाही. कोरी ओळसुद्धा नाही.
हे विंडोज शेवटची ओळ वाचतच नाही
तिच्यानंतर थोडी जागा सोडल्याशिवाय.

काकांना पटेना.
'आमी तं खाली रेघ मारतो. दोन. लाल.
मागून कोनी काई घुसडू नये म्हनून.'
त्यांनी वह्या दाखवल्या,
एकेका दिवसाखाली पट्टीनं ओढलेल्या दोन रेघा,
एकतीस वर्षांत एकही तिरकी नाही.

मी एंटर दाबलं.

बेचाळीस क्विंटल साठ.
तिन्ही पडद्यांवर, एका दमात.
पुतण्या म्हणाला, वा.
ट्रॅक्टरवाला म्हणाला, आता तरी सोडा.

साडेपाचची बस पकडायला निघाले तेव्हा
काका वहीतही लिहून घेत होते, बेचाळीस साठ.
पट्टी उचलली. ठेवली. पुन्हा उचलली.
दोन्ही रेघा मारल्याच त्यांनी, लाल,
पण एक ओळ सोडून.